आई-वडिलांना विम्यातून वगळण्यापूर्वी : आयटी कंपनीच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

येत्या १ एप्रिल २०२६ पासून कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यातून कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांना वगळण्यात येणार असल्याचे, आणि त्याच दिवसापासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहणे सर्वांना बंधनकारक होणार असल्याचे आम्हाला मनुष्यबळ विभागाच्या एकाच ईमेलमधून कळले. त्याच ईमेलमध्ये मनःस्वास्थ्यासाठीचे एक अ‍ॅप, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होणारा करमणुकीचा कार्यक्रम आणि तिसऱ्या मजल्यावर खेळांसाठी राखून ठेवलेली जागा यांचीही माहिती होती, आणि या सर्व बदलांना ‘मिलेनियल कर्मचाऱ्यांच्या अपेक्षा लक्षात घेऊन केलेली लाभांची पुनर्रचना’ असे म्हटले होते. ज्या पिढीचे नाव पुढे करून हा निर्णय घेतला गेला, त्या पिढीतला मी आहे. माझ्या अपेक्षा काय आहेत हे मला कोणी विचारले नाही. माझ्या टीममधल्या कोणालाही विचारले नाही. म्हणून त्या मी येथे स्वतः मांडत आहे.

पत्र खुले ठेवण्याचे कारण एवढेच की हा प्रश्न आपल्या एका इमारतीपुरता नाही. हिंजवडीच्या तिन्ही टप्प्यांत, खराडीत, मगरपट्ट्यात, ऐरोलीत काम करणारे माझे मित्र थोड्याफार फरकाने हेच अनुभवत आहेत, आणि तिथल्या व्यवस्थापनांनीही हे वाचावे असे मला वाटते. कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही, कारण मला तिची बदनामी करायची नाही. मी येथे बरीच वर्षे काढली आहेत, इथेच काम शिकलो आहे, आणि पुढेही इथेच काम करण्याची माझी इच्छा आहे.

प्रथम ही पिढी कोण, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण निर्णयातली मूळ चूक मला तिथेच दिसते. साधारण १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल म्हणतात. म्हणजे आमच्यातले सर्वांत धाकटेही आता तिशीला आले आहेत आणि थोरले पंचेचाळिशीला. कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले, सडेफटिंग, कार्यालयात टेबल टेनिसचे टेबल पाहून खूश होणारे तरुण असे जे चित्र कंपनीच्या सादरीकरणांमध्ये अजूनही दिसते, ते पंधरा वर्षांपूर्वीचे आहे. आज आमच्या घरात एका बाजूला शाळेत जाणारे मूल आहे आणि दुसऱ्या बाजूला मधुमेहाच्या गोळ्या घेणारे वडील आहेत. वाकड, पुनावळे, ताथवडे या भागांत घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते अजून बरीच वर्षे फेडायचे आहेत. आमच्यापैकी अनेकांची पहिली नोकरी २००८-०९ च्या मंदीत सापडली होती; हातात ऑफर लेटर असूनही कित्येक महिने रुजू होण्याची तारीख मिळत नव्हती, आणि घरी रोज कोणीतरी विचारायचे की कंपनीचे बोलावणे आले का. नोकरी किती सहज जाऊ शकते हे आम्ही नोकरीला लागण्याआधीच पाहिले. त्यामुळे आम्ही कामाच्या ठिकाणाकडे पाहतो तेव्हा अडीअडचणीत ही जागा आपल्या पाठीशी उभी राहील का, आणि घरच्या माणसांना द्यायला आपल्याकडे वेळ उरेल का, हेच आधी पाहतो.

आता आई-वडिलांच्या विम्याविषयी. माझे वडील सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांना ईपीएस-९५ या, भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली जे निवृत्तिवेतन मिळते, त्यात महिन्याची औषधेही पूर्ण होत नाहीत; या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरवले गेले, यावरून बाकीच्या आकड्यांची कल्पना यावी. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना पुण्याला आणून अँजिओप्लास्टी करावी लागली. रुग्णालयाच्या तळमजल्यावर विम्याची स्वतंत्र खिडकी असते. तिथे मी कंपनीचे ई-कार्ड दाखवले, वडिलांचे आधार कार्ड दिले, एका फॉर्मवर डॉक्टरांची सही आणली आणि समोरच्या बाकावर बसून राहिलो. माझ्या शेजारी एक गृहस्थ फोनवर भावाला पैशांची जुळवाजुळव करायला सांगत होते. काही वेळाने माझ्या मोबाइलवर कॅशलेस उपचारांना प्राथमिक मंजुरी मिळाल्याचा संदेश आला. आईने गावाकडच्या पतसंस्थेतल्या ठेवीची पावती पिशवीत घालून आणली होती; ती तशीच परत गेली. कंपनीने माझ्यासाठी जे काही केले आहे, त्यात मला सर्वांत मोठे वाटते ते हे. पुढे मला बाहेरून जास्त पगाराचे बोलावणे आले तेव्हा मी गेलो नाही, त्याचे कारणही हेच होते. आपल्या कोणत्याही सर्वेक्षणात ते नोंदवले गेले नसेल, कारण तसा प्रश्नच त्यात नव्हता.

आई-वडिलांच्या दाव्यांमुळे सामूहिक विम्याचा प्रीमियम वाढत चालला आहे, असे कारण आपण दिले आहे. ते खरे असेल हे मी मान्य करतो. वयस्कर माणसे आजारी पडतात, आणि विमा त्यासाठीच असतो. परंतु ‘कर्मचाऱ्यांनी आई-वडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी’ या एका वाक्यात ईमेलने जी सूचना केली आहे, तिचा प्रत्यक्ष अर्थ समजून घ्यावा. सामूहिक विम्यात बहुतेक वेळा आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि वैद्यकीय तपासणी लागत नाही. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये तो चार वर्षांवरून तीनवर आणला आणि नवी पॉलिसी घेण्यासाठीची वयाची अटही काढली, हे चांगलेच झाले. पण विमा कंपनीने अर्ज स्वीकारलाच पाहिजे आणि परवडेल अशा दरात स्वीकारला पाहिजे असे बंधन त्यामुळे आलेले नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तरी सदुसष्ट वर्षांच्या, हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाचा मूळ प्रीमियमच आमच्या आवाक्याबाहेर जातो. केंद्राची आयुष्मान योजना ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देते, परंतु सत्तरी गाठायला माझ्या वडिलांना अजून अवकाश आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिचा लाभ ठरावीक उपचारांना आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच मिळतो. मधल्या वर्षांत या माणसांनी काय करावे, याचे उत्तर आपल्या निर्णयात नाही. अ‍ॅपमधल्या ध्यानधारणेच्या ध्वनिफिती मी ऐकून पाहिल्या. त्या चांगल्या आहेत. मला झोप लागत नाही ती मात्र १ एप्रिलनंतर वडिलांना काही झाले तर काय, या विचाराने.

दुसरी बाब पाचही दिवसांच्या हजेरीची. कार्यालयात येण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. नव्याने लागलेल्या मुला-मुलींना काम शिकवायचे तर शेजारी बसून शिकवणे चांगले, हे मी स्वतः अनुभवले आहे, आणि गेली काही वर्षे चालत आलेली आठवड्यातून तीन दिवसांची पद्धत मला योग्य वाटते. माझी तक्रार अशी आहे की कार्यालयाचे तास वाढवताना घरून होणारे काम कोणीच कमी केलेले नाही. सकाळी साडेनऊला गेटवर कार्ड दाखवायचे, नऊ तास भरायचे, आणि अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ झाली की रात्री साडेआठ ते साडेदहा पुन्हा कॉलवर बसायचे, अशी माझ्या टीमची दिनचर्या आहे. करोनाच्या काळात आम्ही घरून काम करू लागलो तेव्हा दिवस-रात्रीची सीमा पुसली गेली. ग्राहकाला ती सोय झाली आणि आपल्यालाही. आता दिवसा कार्यालयात बसायचे आणि रात्री करोनाकाळातल्यासारखे उपलब्धही असायचे, अशी दुहेरी अपेक्षा आहे. टाइमशीटमध्ये मात्र रोजचे साडेआठ तासच भरायचे असतात, कारण ग्राहकाशी ठरलेल्या दरात तेवढेच बसतात. मग वरच्या तासांची नोंद कुठे होते? कुठेच होत नाही.

आणि हिंजवडीला पोहोचणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी जे सकाळी भूमकर चौकातून किंवा वाकडच्या पुलावरून येतात त्यांना सांगायला नको. हिंजवडीलगतच्या माणपासून पुण्यातल्या शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्यानंतर किती तारखा पुढे गेल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२५ च्या पावसाळ्यात या आयटी पार्कचे रस्ते अक्षरशः पाण्याखाली गेले. रस्ता आणि गटारे ही कंपनीची जबाबदारी नाही, हे मान्य. परंतु रस्त्याची अवस्था माहीत असताना सर्वांना एकाच वेळी गेटवर हजर राहायला सांगणे हा कंपनीचाच निर्णय आहे, आणि कंपनीच्या बसच्या फेऱ्या कमी करण्याचाही.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. पत्नी बँकेत नोकरी करते. शाळा सुटल्यावर मुलगी वाकडच्या एका पाळणाघरात राहते, ते संध्याकाळी सातला बंद होते. कार्यालयाच्या दिवशी सातच्या आत तिथे पोहोचणे मला क्वचितच जमते. उशीर झाला की पाळणाघराच्या काकू तिला बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी बसवून ठेवतात. आत त्यांचा स्वतःचा स्वयंपाक सुरू झालेला असतो. त्या कधी बोलून दाखवत नाहीत. उशिराचे जादा पैसे मी देतोच, पण पैशांनी तो अर्धा तास भरून निघत नाही. आठवड्यातून दोन दिवस मी घरी असतो तेव्हा तिला साडेचारला आणतो, ती शेजारच्या मुलांत खेळते आणि मी काम करतो. १ एप्रिलपासून हे दोन दिवसही जातील.

पाळणाघराच्या संदर्भात कायदा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहेच, तरी येथे नोंदवतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटण्याचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम राहिली. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही पाळणाघराची तरतूद आहे, आणि जवळपासच्या आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभाही त्यात आहे. आपल्या संकुलात हजारो माणसे काम करतात. येथे फूड कोर्ट आहे, जिम आहे, बँकेची शाखा आहे. पाळणाघर नाही. ‘एका खासगी साखळीशी करार आहे’ असे उत्तर दरवेळी मिळते. त्या साखळीचे सर्वांत जवळचे केंद्र बाणेरला आहे आणि करार म्हणजे शुल्कात मिळणारी थोडी सवलत. हे कायद्याचे पालन आहे का, याचे उत्तर आपल्या विधी विभागाने लेखी द्यावे. शिवाय पाळणाघर हा फक्त आयांचा प्रश्न समजला जातो, याचेही मला वाईट वाटते. मुलीला आणण्याची जबाबदारी आमच्या घरात माझी आहे. माझ्यासारखे अनेक बाप या कंपनीत आहेत.

बापांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. मुलगी झाली तेव्हा मला कंपनीकडून पाच दिवसांची पितृत्व रजा मिळाली होती आणि त्यातले दोन दिवस रुग्णालयातच गेले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात. खासगी क्षेत्रासाठी अशी सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे हा सर्वस्वी आपल्या मनाचा प्रश्न आहे. आईला २६ आठवडे आणि बापाला पाच दिवस असे म्हटले की मूल कोणी सांभाळायचे हे कंपनीनेच ठरवून टाकल्यासारखे होते. मग बाळंतपणानंतर एखादी सहकारी नोकरी सोडते तेव्हा आपण सर्वजण हळहळ व्यक्त करतो.

तिसरी बाब वार्षिक मूल्यमापनाची, आणि येथे मला जरा कडक शब्द वापरावे लागतील. प्रत्येक टीममधील ठरावीक टक्के लोकांना खालच्या श्रेणीत टाकलेच पाहिजे, ही आपल्याकडची पद्धत अन्यायकारक आहे. या ठरावीक टक्क्यांच्या वाटणीला ‘बेल कर्व्ह’ म्हणतात; टीम चांगली असो की वाईट, त्याच्या शेपटाला कोणीतरी हवेच असते. मी टीम लीड आहे आणि त्या बैठकीत बसतो. गेल्या वेळी आमच्या टीममधल्या, प्रसूती रजेवरून परतलेल्या एका सहकारीचे नाव खालच्या श्रेणीसाठी पुढे आले. कारण देण्यात आले की ती ‘वर्षातला बराच काळ प्रोजेक्टवर नव्हती’. ती जितके महिने होती तेवढ्या काळात तिने हाताळलेल्या मॉड्यूलबद्दल ग्राहकाची एकही तक्रार आली नव्हती. मी हरकत घेतली तेव्हा मला विचारण्यात आले की मग दुसरे कोणाचे नाव देता. हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कायद्याने दिलेली रजा घेतल्याची शिक्षा अशा आडमार्गाने होत असेल, तर रजेच्या धोरणाची पुस्तिका कितीही सुबक छापली तरी तिचा उपयोग नाही. अखेर तिची श्रेणी वाढली, पण दुसऱ्या कोणाची तरी कमी झाली. तो कोण, हे मी येथे लिहू शकत नाही. तो मात्र रोज माझ्या समोर बसतो.

कामाच्या तासांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सध्या एकूण हवाच तशी आहे. २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांची भाषा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाचे दैनंदिन तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. या सगळ्यांनी २०२४ चा जुलै आठवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यातील एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत रुजू होऊन चार महिने झालेली, २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी त्या महिन्यात गेली, आणि कामाच्या ताणाने आपली मुलगी गेल्याचे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितले. त्यानंतर कामगार खात्याने त्या कार्यालयाची तपासणी केली, तेव्हा ते २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीशिवायच चालू असल्याचे उघड झाले. इतकी वर्षे तिथे कामाचे तास कोणी मोजले असतील? आपल्या कंपनीची नोंदणी आहे, हे मला माहीत आहे. परंतु जादा कामाला दुप्पट वेतन देण्याचे कलम आपल्याकडे कोणाला लागू होते? व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना कायदा लागू होत नाही, या तरतुदीकडे बोट दाखवले जाते. आपल्याकडे सहा-सात वर्षे झालेल्या प्रत्येकाच्या पदनामात कुठेतरी ‘मॅनेजर’ हा शब्द आहे, मग त्याच्या हाताखाली एकही माणूस नसला तरी.

कार्यालयीन वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्या लोकसभेत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडले. सरकारने नव्हे तर एखाद्या खासदाराने स्वतः मांडलेली अशी खासगी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे मी जाणतो. तथापि कंपनीला स्वतःचा नियम करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

काही लहान बाबी थोडक्यात नोंदवतो. भविष्य निर्वाह निधीचे अंशदान आपण १५,००० रुपयांच्या कायदेशीर वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० रुपयेच, भरता. कंपनीचा हा वाटा, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्तासुद्धा ‘सीटीसी’त, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, मोजला जातो, त्यामुळे नव्या माणसाला कागदावर दिसणारी रक्कम आणि हातात येणारा पगार यांत मोठी तफावत पडते. आता आई-वडिलांचा हप्ता वाचला, तर ती रक्कम कर्मचाऱ्याला मिळणार की कंपनीकडेच राहणार, याचा ईमेलमध्ये उल्लेख नाही. आम्ही नोकरी सोडायची तर ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कंपनीने कोणाला जायला सांगितले की दुपारी लॅपटॉप जमा होतो आणि कागदावर स्वेच्छा राजीनामा असतो. रजा साठवण्याची मर्यादा कायद्याने ४५ दिवस आहे, आपल्याकडे रजा मंजूरच होत नाहीत आणि साठतात, मग डिसेंबरमध्ये सर्वांना एकदम संपवायला सांगतात.

आमच्या पिढीत निष्ठा नाही, ही मंडळी दोन-दोन वर्षांनी नोकऱ्या बदलतात, त्यांना सतत कौतुक लागते, असे मी वरिष्ठांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या स्तरावरचे लोक होते, म्हणजे आमचीच पिढी. त्या आठवड्यात आपल्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या विषयावर बोलणे नव्हते. ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षे एकाच ठिकाणी काढली त्यांच्याही नोकऱ्या जाऊ शकतात, हे पाहिल्यावर निष्ठेची मागणी एकाच बाजूने करणे योग्य नाही. कौतुकाचे म्हणाल, तर वाढदिवसाला टेबलावर केक येतो त्याचे आम्हाला अप्रूप आहे आणि ज्या मुली हौसेने ते सगळे जमवतात त्यांचे आम्ही आभारी आहोत. केकच्या जागी काहीच नको असे माझे म्हणणे नाही. पण खर्च कुठे करायचा असा प्रश्न आला, तर आधी विमा, मग पाळणाघर, मग बस, आणि उरले तर करमणूक, हा क्रम माझ्या टीममधला कोणीही डोळे मिटून सांगेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

आई-वडिलांना विम्यातून वगळण्याचा निर्णय १ एप्रिलपूर्वी स्थगित करावा. पूर्ण खर्च कंपनीला शक्य नसेल, तर कर्मचाऱ्याने वाढीव हप्ता पगारातून भरून सामूहिक विमा चालू ठेवण्याचा पर्याय द्यावा. माझ्या माहितीतले बहुतेक जण तो आनंदाने स्वीकारतील. आणि ज्यांना तोही परवडणार नाही, त्यांच्या आई-वडिलांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता यावे, आजवरची वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा व्हावीत, यासाठी कंपनीने स्वतः विमा कंपनीशी बोलून लेखी व्यवस्था करावी. प्रत्येकाला एकट्याने भांडायला लावू नये.

हजेरीची अट तीन दिवसांवरच ठेवावी. ती वाढवायचीच असेल, तर रात्रीचे कॉल त्या दिवसाच्या तासांत धरावेत आणि टाइमशीटमध्ये खरी वेळ लिहिण्याची परवानगी द्यावी. रात्री नऊ ते सकाळी आठ या वेळेत, ज्यांची तशी शिफ्ट नाही त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि हे ग्राहकांनाही कळवावे. ग्राहक ऐकत नाही असे आपण म्हणता. आजवर त्याला विचारून कोणी पाहिले आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

शेजारच्या कंपन्यांशी बोलून याच संकुलात एका वर्षाच्या आत सामाईक पाळणाघर सुरू करावे, ते संध्याकाळी आठपर्यंत उघडे असावे, आणि त्यात पुरुष कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही प्रवेश असावा. पितृत्व रजा किमान पंधरा दिवस करावी.

मूल्यमापनातील सक्तीचे टक्के बंद करावेत. ते होईपर्यंत प्रसूती रजेवर किंवा दीर्घ वैद्यकीय रजेवर असलेल्यांना त्यातून पूर्णपणे बाहेर ठेवावे. नोटीस कालावधी दोन्ही बाजूंना सारखा असावा. पगाराच्या पत्रकात हातात येणारी रक्कम सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापावी.

आणि यापुढे लाभांत कोणताही बदल करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी चर्चा करावी. त्यांत बाळंतपणानंतर परतलेल्या स्त्रिया असाव्यात, आई-वडिलांची देखभाल करणारे असावेत, कंत्राटावर काम करणारेही असावेत, कारण त्यांना यांतले जवळपास काहीच मिळत नाही आणि ते आमच्याच शेजारी बसून तेच काम करतात.

राज्याच्या कामगार आयुक्तांनाही मी या पत्राची प्रत पाठवत आहे. आयटी पार्कमधील आस्थापनांत पाळणाघराच्या तरतुदीचे पालन होते का, याची तपासणी त्यांनी करावी आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत, एवढी त्यांच्याकडे विनंती आहे.

आपण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कर्मचाऱ्यांची बैठक बोलवावी. मी तिथे येईन आणि हे सर्व समक्ष, नाव सांगून मांडेन. माझ्याबरोबर येण्याची तयारी अनेकांनी दाखवली आहे. विम्याची नवी यादी विमा कंपनीकडे महिनाअखेरीस जाते, असे मनुष्यबळ विभागाकडून कळले. त्यामुळे उत्तर त्याआधी मिळावे.

आपला विश्वासू,
हिंजवडी येथील आपल्या कार्यालयातील एक टीम लीड